शेरा

ओउलूच्या इस्पितळात, तळघराच्याही खाली,
जिथे नळ्या माणसांपेक्षा ऊबदार असतात,
तिथे ती आली नोव्हेंबरात. इल्मी तिचं नाव.
काखेत टॅब्लेट, कमरेला टॅगांचं रीळ,
एकेक टॅग नखाएवढा.
म्हणाली, आर्वो, तुम्ही फक्त दाखवत चला.

सत्तावीस वर्षांत दाखवा असं कुणी म्हटलंच नव्हतं.
मी दाखवत सुटलो.

पंप. टिक्.
पंखा. टिक्.
बॉयलरमागचा तो चिडका मीटर. टिक्.
वस्तूला नंबर, नंबराला पान,
पानावर कंपनी, जन्मसाल, शेवटची दुरुस्ती आणि ती कुणी केली.
बहुतेक ठिकाणी मीच,
आणि बहुतेक ठिकाणी तारीख खोटी,
कारण वहीत आम्ही शुक्रवारी
सगळा आठवडा एकदम उरकायचो.
तिला सांगून टाकलं. हसली नाही.
तारखेपुढे 'अंदाजे' एवढंच टाकलं.

मग पडद्यावर इस्पितळ दाखवलं:
काचेचं, पोकळ, बोटावर फिरणारं.
भिंत बाजूला सारली की आत नळ्या,
निळ्या गार, तांबड्या गरम,
छोटा मासा उजेडात धरावा
आणि काटे दिसावेत, तशा.
ज्याच्या पोटात आयुष्य काढलं
ते मी बाहेरून पहिल्यांदा पाहत होतो.
किती नीटनेटकं. गंज नाही कुठे.
तो वास नाही.

इथे चुकलंय, मी म्हणालो.
मॉडेलात भिंत सरळ होती.
खरी भिंत दीड हात आत सरकलेली, मागे सांदीत
एक खुर्ची, कान तुटलेला मग,
आणि माझ्या आधीच्या एस्कोचं कॅलेंडर,
मार्च महिन्यावर थांबलेलं.
इल्मी वाकून आत शिरली, लेझरनं मापं घेतली.
सांदीची खोली झाली, खोलीला नंबर मिळाला.
फक्त 'वापर' ही चौकट कोरी सोडता येईना.
मी म्हटलं, बसणं.
तिनं यादी चाळली: गोदाम, यंत्रकक्ष, स्वच्छतागृह.
बसणं नव्हतं. 'इतर' होतं.
असू दे. आम्ही तसे इतरच.

शेवटी चारशे सतरा.
साधा व्हॉल्व्ह, पितळी, गुडघ्याच्या उंचीवर.
तिनं टॅग चिकटवला, अंगठ्यानं दाबला.
अजून काही?
नाही, मी म्हणालो.

कसं सांगू? रात्री दोनला फोन वाजायचा,
सईमी कूस न बदलता म्हणायची, चारशे सतराच असणार,
आणि मी बर्फात गाडी काढायचो
शिव्या देत, आणि खोटं कशाला बोलू,
आतून थोडा फुलून.
कारण तो फक्त मला वळायचा.

जिन्याच्या तीन पायऱ्या चढलो.
चौथीवर पाय उचलेना.
लिही, म्हटलं. शेरा लिही.
उलटा फिरतो. डावीकडे बंद.
तिनं लिहिलं. मान वर न करता विचारलं,
किती वेढे?
साडेतीन, म्हणालो. शेवटचा अर्धा जोर लावून.

डिसेंबरात निवृत्त झालो. केक होता. चांगला होता.

जानेवारीत उणे एकतीस.
दुकानात दुधाच्या रांगेत नर्स पिर्क्को भेटली.
परवा रात्री बाळांच्या वॉर्डावर पाइप फुटला म्हणे,
हैदर म्हणून नवा पोरगा होता पाळीवर,
खाली धावला, टॅगला फोन टेकवला, वाचलं,
डावीकडे फिरवला.
चार मिनिटं. छताच्या दोन फरशा भिजल्या, बस.
परवा कधी? मी विचारलं.
दोनच्या सुमारास.

शाब्बास म्हणालो. खरंच म्हणालो.
दूध घेतलं, एक पिशवी जास्तच.

घरी आलो. फोन टेबलावर,
परवापासून तिथेच, पूर्ण चार्ज.
उचलला, उलटा केला, सुलटा केला.
सईमी, म्हटलं, तुझ्या फोनवरून
जरा मला लावून बघ.
कशाला?
लाव तर.

वाजला.